पावसाळ्यात कुजणारी घायपात

आमच्या अंगणातली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. निळसर घायपातीची खालची पानं पिवळी पडली आणि बुंध्याशी बोट लावलं तर मऊ, आंबूस वासाचं. रोप उपटलं, तपकिरी मुळं पांढरा भाग दिसेपर्यंत छाटली आणि कापलेली जागा कोरडी पडेपर्यंत सावलीत ठेवलं. हातमोजे हवेतच, तिच्या रसाने कातडीची आग होते. मग वीतभर उंच वरंबा केला: निम्मा मुरूम, बाकी जाडी वाळू आणि थोडं कंपोस्ट. रोप किंचित कलतं लावलं, म्हणजे पानांच्या गाभ्यात पाणी साचत नाही. नवीन पानं आता ताठ येताहेत.

जोडीला काय लावावं? शेजारी आणखी काटेरी काही लावलं की कुंपण वाटतं, बाग नाही. मी पायथ्याशी जांभळ्या पानांची ट्रॅडेस्कँशिया पसरवली. निळसर पात्यांखाली ती उठून दिसते. उन्हाच्या कडेला चिनी गुलाब, त्यालाही पाणी कमीच लागतं. जास्वंद मात्र लांब, तिची तहान वेगळी. पानांची टोकं नेलकटरने बोथट केली, घरात लहान मूल आहे. दिसायला थोडं बिघडतं, चालायचंच.