डिजिटल थिऑलॉजी लायब्ररी घेताय? आधी मत्तय १६:१८ उघडून बघा

बायबल-अभ्यासाच्या अॅपवर सेल लागला की सगळ्यांचं एकच होतं, पॅकेजवर मोठा आकडा दिसतो, इतकी हजार पुस्तकं वगैरे, आणि हात आपोआप बाय बटणाकडे जातो. माझाही गेला होता. नंतर बघतो तर अर्धी पुस्तकं मी आधीच फुकट उतरवून ठेवलेली, आणि ज्या भाष्यमालेसाठी पॅकेज घेतलं होतं तिचे फक्त दोन खंड आत, बाकीचे वेगळे घ्या म्हणे. अॅपचं नाव सांगत नाही, चूक माझीच, यादी न वाचता पैसे भरले.

तर पहिलं काम म्हणजे आकडा विसरायचा. फिलिप शाफच्या नावानं ओळखला जाणारा चर्च पित्यांचा, म्हणजे सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांचा, जुना इंग्रजी संच ३८ खंडांचा आहे, स्पर्जन या इंग्रज बॅप्टिस्ट प्रवचनकाराच्या प्रवचनांचे ६३ खंड, म्हणजे दोनच गोष्टींत शंभरी पार झाली, आणि दोन्हींचा कॉपीराइट कधीच संपलाय. शाफचा संच तर सीसीईएल म्हणून १९९३ पासून चालू असलेली फुकट लायब्ररी आहे तिथे सगळा वाचायला मिळतो. पेड अॅपमध्ये ही पुस्तकं घेण्यात अर्थच नाही असं नाही हां, वचनावर क्लिक केलं की सगळीकडचे संदर्भ एकत्र समोर येतात ही सोय मोठी आहे, पण पैसे सोयीचे देतोय की पुस्तकांचे हे आपल्याला माहीत असावं.

आता माझी पद्धत. ज्या वचनावरून ख्रिस्ती परंपरांचं आपसात जमत नाही असं एक वचन धरायचं. मी मत्तय १६:१८ धरतो, तू पेत्र आहेस आणि या खडकावर मी माझी मंडळी रचीन, ते. खडक म्हणजे पेत्र की दुसरं काही, हा वाद. ट्रायल घेऊन किंवा निदान पॅकेजची यादी समोर ठेवून बघायचं की या वचनावर आपल्या परंपरेचा कोण बोलतोय. कॅथोलिक संग्रह असेल तर कॅटेकिझमचा, म्हणजे कॅथोलिक शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाचा, परिच्छेद ८८१ आणि १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेचं पोपच्या अधिकारावरचं लेखन दोन क्लिकमध्ये यायला पाहिजे. रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या वळणाची प्रोटेस्टंट परंपरा, असेल तर कॅल्व्हिनचं भाष्य. ऑर्थोडॉक्स असेल तर क्रिसोस्टम या चर्च पित्याची मत्तयावरची प्रवचनं, त्यात खडक म्हणजे पेत्रानं दिलेली कबुली असं वाचायला मिळतं. आणि ऑगस्टीन हा चर्च पिता सापडला तर मजाच, कारण म्हातारपणी स्वतःच्या लिखाणाची उजळणी करताना तो म्हणतो की आधी मी खडक म्हणजे पेत्र असं लिहिलं, नंतर बऱ्याचदा खडक म्हणजे ख्रिस्त असं लिहिलं, आता वाचकानंच ठरवावं. ज्या संग्रहात या वचनावर दहा पुस्तकं उघडतात पण दहाही एकच सूर लावतात तो संग्रह मोठा नाही, जाडजूड आहे फक्त.

कॅथोलिकांनी काय बघावं, तर लोगोस या बायबल-अभ्यासाच्या सॉफ्टवेअरच्याच कंपनीचं व्हर्बम हे खास कॅथोलिक सॉफ्टवेअर आहे, त्यात बायबल ७३ पुस्तकांचं गृहीत धरलेलं असतं. हा मुद्दा साधा वाटतो पण प्रोटेस्टंटांच्या ६६ पुस्तकांवर बेतलेल्या भाष्यमालेत मक्काबी किंवा तोबित या बाकीच्या पुस्तकांवर एक ओळही नसते. कॅटेकिझम आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे १६ दस्तऐवज व्हॅटिकनच्या साइटवर फुकट आहेत, तेव्हा पैसे मध्ययुगीन धर्मशास्त्री अक्विनासच्या चांगल्या आवृत्तीला, डेन्झिंगर या चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या संग्रहाला आणि नव्या भाष्यांना द्या. अजून एक, चर्च पित्यांच्या त्या ३८ पैकी पहिल्या मालेच्या अमेरिकन आवृत्तीत संपादक कॉक्सच्या तळटीपा आहेत, गडी एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन मंडळीचा, बिशप, जागा मिळेल तिथे रोमला टोमणा मारतो. मूळ मजकूर वेगळा आणि टीप वेगळी हे ध्यानात ठेवून वाचायचं. त्याच मालेत अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटचं लग्नाबद्दलचं एक अख्खं प्रकरण मूळ ग्रीकवरून इंग्रजीत न आणता लॅटिनमध्ये दिलंय, वाचकांना लाज वाटू नये म्हणून! अशा ठिकाणी नवीन भाषांतर लागतंच.

ऑर्थोडॉक्स संग्रहात माझा पहिला क्लिक स्तोत्रांवर असतो. सेप्टुआजिंटमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, बहुतेक स्तोत्रांचा आकडा हिब्रूपेक्षा एकनं कमी, म्हणजे आपण ५१ वं म्हणतो ते दाविदाचं पश्चात्तापाचं स्तोत्र त्यांच्या प्रार्थनापुस्तकात ५० वं. आता ५० वर क्लिक केलं आणि अॅपनं हिब्रू क्रमाचं ५० उघडलं, जिथे देव बलिदानांबद्दल लोकांना सुनावतोय, तर समजायचं की नुसतं ऑर्थोडॉक्स नाव चिकटवलंय, आतलं जोडकाम कोणी केलेलं नाही. बाकी दमास्कसचा योहान आणि पालामास हे धर्मशास्त्री, फिलोकालिया हा प्रार्थनेवरच्या जुन्या लेखनाचा संग्रह, हे आहे का बघा, आणि उपासनाविधी, कारण या परंपरेचं धर्मशास्त्र निम्मं तरी प्रार्थनेत आहे.

रिफॉर्म्डवाल्यांची चैन आहे. कॅल्व्हिन, ओवेन, प्युरिटन मंडळी, हॉज, सगळं जुनं, त्यामुळे स्वस्त पॅकेजही भरगच्च दिसतं. वेस्टमिन्स्टर आणि हायडेलबर्ग हे या परंपरेचे विश्वासाचे दस्तऐवज कुठेही मिळतील. पैसे घालायचे तर डच धर्मशास्त्री बाविंकच्या 'रिफॉर्म्ड डॉग्मॅटिक्स'च्या चार खंडांच्या इंग्रजी भाषांतरात घाला, ते २००३ ते २००८ मध्ये आलं, फुकट मिळणार नाही.

लुथरन संग्रह घेताना त्यात रिफॉर्म्ड पुस्तकं भरून खोगीरभरती केलीय का ते तपासा, दोन्ही प्रोटेस्टंट म्हणून चालवून घेतात पण प्रभुभोजनावरून १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि स्विस सुधारक झ्विंगलीचं जे बिनसलं ते आजतागायत आहे. १५८० चं बुक ऑफ कॉन्कॉर्ड, म्हणजे लुथरन विश्वासनाम्यांचा संग्रह, कोणत्या भाषांतरात आहे तेही बघा, टॅपर्टचं १९५९ चं की कोल्ब-वेंगर्टचं २००० चं.

मेथोडिस्टांसाठी एकच प्रश्न, चळवळीचा संस्थापक वेस्ली, त्याच्या लेखनाचा संच जुना जॅक्सनचा १४ खंडी की बायसेंटेनियल नावाची नवी आवृत्ती? अभ्यास करायचा असेल तर दुसरा, त्याच्या टिपांमुळे. अँग्लिकनांना १६६२ चं प्रार्थनापुस्तक, ३९ कलमं आणि हूकर हा त्यांचा जुना धर्मशास्त्री एवढं तरी हवंच. बॅप्टिस्टांनी १६८९ चा विश्वासनामा आणि जॉन गिल हा बॅप्टिस्ट भाष्यकार बघावा, आणि बाप्तिस्म्यावरचे लेख बालबाप्तिस्म्याची बाजू घेणारेच नाहीत ना तेही.

पेंटेकॉस्टलांची अडचण उलटी. चळवळ जिथून पसरली ती लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची सभा १९०६ ची, म्हणजे चळवळ तरुण, महत्त्वाचं लिखाण अलीकडचं आणि कॉपीराइटमध्ये. मग पॅकेजवाले जागा भरायला काय पण टाकतात. १ करिंथ १२ ते १४, म्हणजे आत्म्याच्या दानांवरचे अध्याय, उघडून बघा, गॉर्डन फी आहे का. स्वतः असेम्ब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल मंडळीचा माणूस, त्याचं १९८७ चं भाष्य इतर परंपरांचे लोकही मानतात. आणि वॉरफिल्डही असू दे, चमत्कार प्रेषितांच्या काळाबरोबर संपले असं १९१८ मध्ये मांडणारा, म्हणजे समोरचा नेमकं काय म्हणतो ते त्याच्याच तोंडून कळेल.

भाषेचं म्हणाल तर ग्रीक-हिब्रू येत नसेल तर बीडीएजीसारखा महागडा ग्रीक कोश पॅकेजमध्ये आहे म्हणून वरचं पॅकेज घेऊ नका. टिंडेल हाऊस या बायबल-संशोधन संस्थेत तयार झालेलं स्टेप बायबल फुकट आहे, शब्दावर क्लिक करून मूळ शब्द बघण्यापुरतं ते भरपूर झालं. शिकायला लागलात की मग कोश सुटा घ्या.

घेण्याआधी तीन-चार गोष्टी नियमावलीत शोधा. आपण पुस्तक नाही, लायसन्स घेतो, तेव्हा ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं का? नेट नसताना पुस्तक उघडतं का? सबस्क्रिप्शन बंद केलं तर हातात काय राहतं? कंपनीच बंद पडली तर? बायबलवर्क्स हे नावाजलेलं सॉफ्टवेअर २०१८ मध्ये बंद झालं आणि लोकांना पर्याय शोधावे लागले, तेव्हा स्वतःच्या नोट्स एक्सपोर्ट करून वेगळ्या ठेवत चला. लोगोसमध्ये आधीपासून आपल्याकडे असलेल्या पुस्तकांची किंमत पॅकेजमधून वजा होते, म्हणून लॉगिन करूनच किंमत बघायची. लहान पॅकेजनं सुरुवात करायची, आणि रिफंडची मुदत संपायच्या आत आपलं ते एक वचन उघडून बघायचं.