जुन्या कार्डाला शेवटचा ड्रायव्हर लागतो, सर्वांत नवा नव्हे

विंडोज नव्याने टाकल्यावर अक्षरं फताडी दिसतात, रिझोल्युशन १०२४ बाय ७६८ च्या वर जात नाही, व्हिडिओ अडखळतो. अशा वेळी ग्राफिक्स कार्डाचा (मॉनिटरला चित्र पुरवणाऱ्या भागाचा) सर्वांत नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, घाईने डाउनलोड केला की गोंधळ वाढतो, कारण त्यातून जुन्या कार्डांचा सपोर्ट कधीच काढून टाकलेला असतो. पण ड्रायव्हरला हात लावण्याआधी दोष त्याचाच आहे का, ते तपासा.

मशीन सुरू होताच डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जा. तिथेही रेघा, ठिपके किंवा भलते रंग दिसले तर बिघाड केबल, कार्ड किंवा मॉनिटरमध्ये आहे. विंडोजचा ड्रायव्हर तोवर लोडच झालेला नसतो. बायोस स्वच्छ दिसतो आणि विंडोजच्या लोगोनंतर स्क्रीन काळी पडते, तर ड्रायव्हर किंवा सेटिंगकडे वळा.

कार्ड आणि मॉनिटर जोडणारी केबल व्हीजीए (१५ पिनांची जुनी) असेल तर ती काढून तिच्या पिना उजेडात बघा. १ नंबरची पिन लाल रंगाची, २ हिरव्याची, ३ निळ्याची. लाल तुटली की सगळं निळसर-हिरवं दिसतं, हिरवी तुटली की जांभळट, निळी तुटली की पिवळट. १२ आणि १५ या पिनांवरून मॉनिटर आपली माहिती कार्डाला कळवतो. त्या वाकलेल्या असतील तर विंडोज ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ (न ओळखलेला मॉनिटर) दाखवते आणि खरं रिझोल्युशन यादीत येत नाही; मग ड्रायव्हर दहादा टाकला तरी फरक पडत नाही. वाकलेल्या पिनेवर शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलीचं टोक चढवून ती हलकेच सरळ करा. ९ नंबरची पिन अनेक केबलींत मुळातच नसते, तिची काळजी नको. केबल मदरबोर्डच्या पोर्टला न लावता कार्डाच्या पोर्टलाच लावली आहे ना, तेही बघा.

आता कार्डाची ओळख. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ (विंडोज ७ मध्ये ‘स्टँडर्ड व्हीजीए’) दिसलं, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर चालू नाही. प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज उघडा. ‘व्हेन’ (VEN) नंतर १०डीई (10DE) असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी किंवा एटीआय, ८०८६ असेल तर इंटेल. ‘डेव्ह’ (DEV) नंतरच्या चार अक्षरांवरून नेमकं मॉडेल सापडतं. कार्डावरच्या स्टिकरपेक्षा या आकड्यांवर विश्वास ठेवा.

एनव्हिडियाच्या जीफोर्स ८ आणि ९ मालिकेचा शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, जीफोर्स ४०० आणि ५०० मधल्या बहुतेक कार्डांचा ३९१.३५. ३२ बिटच्या विंडोजसाठीही ३९० ची शाखाच शेवटची. एएमडीच्या रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० साठी कॅटालिस्ट हा ड्रायव्हर, आवृत्ती १५.७.१, घ्या. लॅपटॉपला मात्र लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने दिलेलाच ड्रायव्हर आधी टाकावा.

टाकताना क्रम चुकवू नका. फाइल उतरवून ठेवा आणि इंटरनेट तोडा, नाहीतर जुना ड्रायव्हर काढल्याबरोबर विंडोज अपडेट स्वतःचा बसवून टाकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर सॉफ्टवेअर डिलीट करण्याच्या चौकोनावर खूण करा, रिस्टार्ट करा, नवी फाइल चालवा, पुन्हा रिस्टार्ट करा. नेट त्यानंतरच जोडा. आधीचे अवशेष आडवे येत असतील तर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर सुरू करून) ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हा प्रोग्रॅम चालवून सगळं साफ करा. पुढे कधी अपडेटने ड्रायव्हर बदललाच, तर प्रॉपर्टीजमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरा.

रिझोल्युशन बदलल्यावर ‘आउट ऑफ रेंज’ आलं तर काहीही न दाबता १५ सेकंद थांबा, जुनं सेटिंग आपोआप परत येतं. नाही आलं तर विंडोज १० मध्ये शिफ्ट धरून रिस्टार्ट, ट्रबलशूट, अडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रिस्टार्ट आणि मग कमी रिझोल्युशनसाठी ३ दाबा. विंडोज ७ मध्ये सुरुवातीलाच एफ८ दाबून ‘लो-रिझोल्युशन व्हिडिओ’ निवडा. १७ इंची चौकोनी एलसीडीला साधारणपणे १२८० बाय १०२४ आणि ६० हर्ट्झ हेच बरोबर. दुसऱ्या मापाला अक्षरं पुसट होतात. व्हीजीएवर असाल तर शेवटी मॉनिटरचं ‘ऑटो’ बटण दाबा. काचेच्या जुन्या सीआरटीवर ६० हर्ट्झला डोळे दुखतात, त्याला झेपत असेल तर ७५ किंवा ८५ ठेवा.

योग्य ड्रायव्हर स्वच्छ टाकूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे ‘कोड ४३’ (कार्डाने बिघाड कळवल्याने विंडोजने ते थांबवलं) येत असेल, तर मशीन बंद करून प्लग काढा आणि कार्ड बाहेर काढा. पंख्यातली धूळ ब्रशने झाडा, सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवून कचरा पुसा. कार्डाला ६ पिनी पॉवर जोड असेल तर तो घट्ट बसवा. एवढं करूनही तोच कोड आला की कार्ड बहुधा गेलं. ते काढून ठेवा आणि मदरबोर्डवर डिस्प्लेचा पोर्ट असेल तर केबल तिथे जोडा.