दुसऱ्या ग्रंथालयाकडून वैद्यकीय लेख मागवताना

आधी पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, लेख शोधा. पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या संग्रहात तो फुकट मिळत असेल तर मागणी कशाला? नसेल तर पीएमआयडी, म्हणजे पबमेडमधला लेखाचा क्रमांक, टिपून घ्या. हा नुसता आकडा असतो. 'पीएमसी'ने सुरू होणारा पबमेड सेंट्रलचा क्रमांक वेगळा. दोन्हींची गल्लत झाली की भलताच लेख हाती येतो.

डॉकलाइनसारख्या, ग्रंथालयांनी एकमेकांकडून लेख मागवण्याच्या प्रणालीत पीएमआयडी टाकला की तपशील आपोआप भरला जातो. तरी वर्ष, खंड, अंक, पानं डोळ्यांखालून घाला. पुरवणी अंक हमखास घोळ घालतात: पान 'एस४५' असताना कुणीतरी नुसतं ४५ लिहितं आणि समोरच्या ग्रंथालयातला माणूस मुख्य अंक चाळत बसतो.

'तातडीचे' हा पर्याय रुग्णाच्या उपचारासाठीच राखा. प्रबंधाची घाई त्यात बसत नाही. रुग्णाचं नाव मात्र मागणीत कधीही नको.

लेख पाठवणाऱ्या ग्रंथालयाने ई-नियतकालिकाचा परवाना आधी पाहावा. काही करार पीडीएफ बाहेर देऊच देत नाहीत. छापील अंक ३०० डीपीआयवर स्कॅन करा. क्ष-किरण किंवा ऊतींची चित्रं असतील तर निव्वळ काळं-पांढरं स्कॅन निरुपयोगी. करड्या छटा किंवा रंगीत ठेवा. शिवणीकडच्या ओळी कापल्या नाहीत ना, औषधांच्या मात्रांच्या तक्त्यातले दशांश चिन्ह दिसते ना, हे पाठवण्याआधी बघा.