इंग्रजीत नावाविषयी बोलताना

कोल्हापुरात कोणी नाव विचारले की आपण स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव एका दमात सांगतो. इंग्रजीत ‘फर्स्ट नेम’ म्हणजे स्वतःचे नाव, तर ‘सरनेम’, ‘लास्ट नेम’ आणि ‘फॅमिली नेम’ हे तिन्ही शब्द आडनावासाठीच आहेत. अडचण येते ती ‘मिडल नेम’पाशी, कारण इंग्रज माणसाचे मिडल नेम हे बहुधा बारशालाच ठेवलेले त्याचे स्वतःचे दुसरे नाव असते. म्हणून परदेशी पाहुण्याला ‘माय मिडल नेम इज माय फादर्स नेम’ असे आवर्जून सांगावे. आपल्या पासपोर्टच्या अर्जात मिडल नेमला वेगळा रकाना नाही. सुनीता दत्तात्रय पाटील यांनी ‘गिव्हन नेम’मध्ये ‘सुनीता दत्तात्रय’ आणि ‘सरनेम’मध्ये ‘पाटील’ लिहावे.

‘मेडन नेम’ म्हणजे विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव. मात्र आपल्याकडे लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिण्याची रीत आहे, आणि जिचे पहिले नावच असे बदलले तिच्यासाठी हा शब्द अपुरा पडतो. अशा वेळी ‘शी वॉज बॉर्न’ म्हणून पुढे जन्माचे पूर्ण नाव सांगावे. ही रचना मला फार नेमकी वाटते, कारण ती दत्तकालाही लागू पडते: राजर्षी शाहू महाराजांविषयी ‘ही वॉज बॉर्न यशवंतराव घाटगे’ म्हणावे आणि १८८४ मध्ये दत्तक गेल्यावर त्यांचे नाव शाहू झाले, हे पुढे जोडावे.

लग्नपत्रिकेतल्या ‘उर्फ’साठी ‘एलियस’ वापरू नये. त्या शब्दाला पोलीस ठाण्याचा वास आहे, म्हणून ‘ऑल्सो नोन ॲज’ म्हणावे. ‘च्या नावावरून’ यासाठी ‘नेम्ड आफ्टर’ हा शब्दप्रयोग आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेले आपले शिवाजी विद्यापीठ ‘इज नेम्ड आफ्टर छत्रपती शिवाजी महाराज’. ‘मिस्टर’ आडनावाआधी लावावे, आणि ‘माझे मिस्टर’ हे इंग्रजीत ‘माय हजबंड’ होते.

आद्याक्षरांना ‘इनिशियल्स’ म्हणतात, आणि त्यांचा विस्तार सांगताना ‘स्टँड्स फॉर’ वापरावे. कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला आपण सहज ‘सीपीआर’ म्हणतो, पण इंग्रजीत ती अक्षरे बंद पडलेल्या हृदयावर करायच्या तातडीच्या उपचाराची आहेत. म्हणून बाहेरगावच्या माणसाला रुग्णालयाचा पत्ता सांगताना ‘इट स्टँड्स फॉर छत्रपती प्रमिलाराजे’ असे पूर्ण सांगावे.