लिंक नको, वर्गात काय झालं ते सांगा

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहापासून फुलं, सुविचार आणि वाढदिवस सुरू होतात. एखाद्या सरांनी त्यात खरंच कामाचं काही टाकलं, तरी दुपारपर्यंत ते कुठल्या कुठं खाली गेलेलं असतं. माझी शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यातली, द्विशिक्षकी. पट एकतीस, निम्मी पोरं कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीपाशी. या सगळ्यातून नेटवरचं शोधायची आणि दुसऱ्याला द्यायची माझी एक रीत बसली आहे, ती सांगते.

शोधताना पाठाचं नाव टाकू नका. टाकलं की स्वाध्यायाची आयती उत्तरं आणि जाहिराती, एवढंच येतं. पोरं जिथं अडतात ते टाका. माझ्या तिसरीतली पोट्टी ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहायची. मोठ्या आकड्यातून लहान काढायचा, वरचा कोणता नि खालचा कोणता हे पाहायचंच नाही! मराठीत शोधलं तर सगळीकडं फळ्यावरची तीच 'शेजाऱ्याकडून उसना घ्या' रीत. मग इंग्रजी अक्षरांत 'सबट्रॅक्शन रीग्रुपिंग एरर्स' टाकलं आणि दहा-दहाच्या जुड्यांची चित्रं मिळाली. तुराटीच्या काड्या मोडून रबर लावले, जुडे केले. सात काड्या काढायला सुट्या दोनच आहेत म्हटल्यावर एका पोरानं न सांगता जुडा सोडला. माझं इंग्रजी बेताचंच आहे, पण चित्र कळायला तेवढं पुरतं. आणखी एक युक्ती: शोधशब्दांपुढं इंग्रजीत 'फाइलटाइप', मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि त्यांना लागून 'पीडीएफ' टाकलं, की छापता येईल असंच साहित्य समोर येतं.

ज्या ठिकाणी मी पुन्हा पुन्हा जाते ती थोडीच आहेत.

पहिलं फेट हे संकेतस्थळ. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी हे सुरू केलं. त्यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. बॅटरी-बल्ब जोडा, तराजूवर वजनं ठेवा, अपूर्णांकांचे तुकडे करा, असे हलते प्रयोग तिथं फुकट आहेत, आणि बरेचसे मराठीतही. आमच्यासारख्यांना महत्त्वाचं हे की नवे प्रयोग एकेका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. मग नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये चालतात. मी तालुक्याला गेले की पाच-सहा उतरवून पेनड्राइव्हवर घेते.

दुसरं अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. टाकाऊतून खेळणी आणि मराठीतसुद्धा ढीगभर पुस्तकं. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, पण माझ्या पोरांना त्यांची ओळख काडेपेटीच्या काड्यांमुळं. सायकलच्या वॉलची बारीक रबरी नळी बोटाच्या पेराएवढी कापायची आणि दोन्ही तोंडांत काडी खुपसायची. त्रिकोण केला की तो दाबून हलत नाही, चौकोन लगेच तिरपा होतो. सायकल दुकानदारानं विचारलं, "मॅडम, एवढी नळी काहून पायजे? सायकली किती हायेत तुमच्याकडं?" दुसऱ्या दिवशी एका पोरीनं घराच्या आढ्याकडं बोट दाखवत सांगितलं, तिथंबी त्रिकोणच हाय. हे पुस्तकात नव्हतं.

पाठ्यपुस्तकांसोबतचं साहित्य देणारं सरकारी दीक्षा ॲप तुम्हाला माहीतच आहे. पुस्तकातला क्यूआर कोड वर्गात स्कॅन करू नका, घरून उतरवून आणा, एवढंच. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या गोष्टींना मुक्त परवाना आहे, म्हणजे छापता येतात, भाषांतरही करता येतं. मी मराठी गोष्ट काळ्या-पांढऱ्यात छापून आणली, खाली जागा सोडली, आणि एका पोराच्या आजीनं कोलामीत सांगितलेलं आम्ही देवनागरीत लिहून काढलं. ते वाचून दाखवलं तर आजी तीन ठिकाणी हसली. आमचं उच्चारण चुकलं होतं, दुसरं काय! आणि एखाद्या माहितीची शंका आली तर मराठी विश्वकोश. तो आता ऑनलाइन आहे.

आता देण्याबद्दल. इथं मी चुकलेली आहे. एकदा प्रशिक्षणाचा एक शासन निर्णय आला आणि मी तो तस्साच पुढं ढकलला. तो जुना निघाला. शेजारच्या गावचे दोन सर रविवारी एसटीनं तालुक्याला जाऊन आले. तेव्हापासून शासन निर्णयावरचा संकेतांक आधी पाहते. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. तोच संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात. व्हिडिओ असेल तर शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय पाठवत नाही.

पाठवताना नुसती लिंक नाही. सोबत चार ओळी लिहिते: कोणत्या इयत्तेला, किती मिनिटं, किती एमबी, आणि माझ्या वर्गात कुठं फसलं. शेवटची ओळ लोक हमखास वाचतात. "चौथीला जमलं, दुसरीची पोरं नळीच चावत बसली" असं लिहिलं की चार जण फोन करतात. फाइलचं नावही बदलते, कारण व्हॉट्सॲपनं दिलेल्या आकड्यांच्या नावावरून महिन्यानं काही सापडत नाही. 'तिसरी-वजाबाकी-जुडे' असं लिहिलं की शोधाशोध संपली.

खरी देवाणघेवाण मात्र शिक्षण परिषदेतच, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या दर महिन्याच्या बैठकीतच होते. पूर्वी फाइली द्यायला सगळे शेअरइट ॲप वापरत, पण २०२० मध्ये त्यावर बंदी आली. आता फोनमधलं क्विक शेअर, नाहीतर ओटीजीला, म्हणजे फोनला जोडायच्या छोट्या जोडणीला, लावलेला पेनड्राइव्ह. चहाच्या सुट्टीत दोन-तीन जण जवळ येऊन फाइली घेतात. मी एका वेळी एकच देते. दहा दिल्या तर एकही उघडत नाहीत, हे मी पाहिलंय. पुढच्या महिन्यात त्यांना आधी विचारते, केलं का, काय झालं? मागच्या वेळी एका मॅडमनी माझ्या काड्यांच्या जुड्यांऐवजी कापसाच्या बोंडांच्या पिशव्या केल्या. बोंडं पिचकली, पिशवीत पुरती दहा राहिनात, हिशेब चुकला. पुढच्या फेरीत माझ्या चार ओळींखाली मी पाचवी घातली: बोंडं नको.