आरव्हीला लिथियम बॅटरी: पैसे वसूल कधी होतात, कधी नाही

तुमची आरव्ही (राहायची सोय असलेली मोटरहोम किंवा मागे ओढायचा ट्रेलर) वर्षातून चार-पाच वीकेंड हुकअपच्या, म्हणजे विजेचा खांब असलेल्या, कॅम्पग्राउंडवर उभी राहत असेल, पोचल्या पोचल्या खांबाला वायर जोडून तुम्ही एसी लावत असाल, तर लिथियमच्या नादी लागू नका. खांबावरून वीज येत असताना बॅटरीला फारसं कामच नसतं. डीलरने दिलेली ॲसिडची (लेड-ॲसिड) बॅटरी जॅक वर-खाली करायला आणि स्लाइड (खोलीचा बाहेर सरकणारा भाग) बाहेर काढायला पुरते. ती गेली की तसलीच दुसरी आणा आणि उरलेल्या पैशांत डिझेल भरा.

हे आधीच सांगून टाकते. इथे कोलोरॅडोत आमच्या ओळखीतल्या कुणी आरव्ही घेतली की फोन मला येतो (सांगलीला इलेक्ट्रिकल शिकल्याची शिक्षा!), आणि प्रश्न ठरलेला असतो: "ताई, लिथियम घालू का?" माझा उलट प्रश्नही ठरलेला: वर्षातून किती रात्री खांबाशिवाय झोपता? युटा, ॲरिझोनात बीएलएमच्या (केंद्र सरकारचं जमीन खातं) मोकळ्या सरकारी जमिनीवर बहुतेक ठिकाणी सलग १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. नॅशनल पार्कच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडांत हुकअप नसतात आणि जनरेटर ठरावीक तासांतच लावता येतो. तुमचा ओढा तिकडे असेल, तरच पुढचं वाचा.

पहिलं काम दुकानात जाण्याचं नाही, कागद-पेन घेऊन बसण्याचं आहे. चोवीस तासांत किती अँपिअर-अवर लागतात ते लिहून काढा (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर). आमचा हिशेब असा. फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) प्रोपेनवर चालते, पण तिचा पंखा बॅटरीवर चालतो आणि सुमारे ७ अँपिअर ओढतो. इथलं लेडव्हिल गाव ३,१०० मीटरवर आहे, तिथे सप्टेंबरातसुद्धा रात्री पाणी गोठतं. पंखा रात्रभरात मिळून पाच तास फिरला तर ३५ गेले. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ६०च्या आसपास खातो. गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी असली गुपचूप खाणारी मंडळी अर्धा अँपिअर घेतात, म्हणजे दिवसाचे १२. दिवे, पाण्याचा पंप, फोन यांचे दहाएक. लॅपटॉपवर ऑफिसचं काम असेल तर आणखी १५. बेरीज १३०च्या घरात.

आता यातली फ्रिजची ओळ खोडून बघा. तुमचा फ्रिज जुन्या पद्धतीचा, प्रोपेनवर चालणारा असेल, तर बेरीज एकदम ७०वर येते. हल्लीच्या बहुतेक नव्या ट्रेलरांत १२ व्होल्टचा फ्रिज येतो आणि सोबत बॅटरी मात्र तीच एक. पहिल्याच रात्री पहाटे फर्नेस बंद का पडली, म्हणून लोक चक्रावतात ते यामुळे.

ॲसिडच्या १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून निम्मेच वापरायचे असतात. वारंवार त्याखाली नेली तर ती लवकर मरते. लिथियममधून (आरव्हीत वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट) ९० तरी बिनधास्त काढता येतात. म्हणजे आमच्या १३० साठी ॲसिडच्या तीन बॅटऱ्या लागतील किंवा लिथियमच्या दोन. ॲसिडची एक साधारण १३० डॉलरला पडते, २५-२७ किलोची. लिथियमची २५० ते ३५० डॉलरला, ११-१२ किलोची. २०१८च्या सुमारास हीच लिथियम ९०० डॉलरच्या वर होती, आणि 'लिथियम महाग' हे अजून लोकांच्या डोक्यात बसलंय ते तेव्हापासून. वापरता येणाऱ्या विजेच्या हिशेबाने बघाल तर फरक आता फार उरलेला नाही.

विक्रेते मात्र भलताच मुद्दा पुढे करतात: '३,००० सायकल!' (एकदा भरून रिकामी केली की एक सायकल.) वर्षाला १०० रात्री धरल्या तरी ती ३० वर्षं झाली. तोवर ट्रेलरचं छप्पर गळून खालचं प्लायवूड कुजलेलं असेल. तुम्ही बारा महिने आरव्हीतच राहणारे नसाल, तर सायकलच्या आकड्यासाठी एक डॉलरही जास्त देऊ नका.

खरा फरक कळतो तो स्वयंपाकाच्या वेळी. आमच्याकडे ५५० वॉटचा, ११० व्होल्टवर चालणारा देशी मिक्सर आहे. खोबऱ्याची चटणी तीन मिनिटांत होते आणि त्यात बॅटरीतले दोन-तीन अँपिअर-अवरच जातात. पण ती तीन मिनिटं इन्व्हर्टर बॅटरीकडून ५० अँपिअर मागत असतो. इन्स्टंट पॉट १,००० वॉटचा, तो ८५-९० मागतो. ॲसिडची बॅटरी निम्मी भरलेली असली तरी एवढा भार आला की तिचा व्होल्टेज दबतो, इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागतो आणि वरण अर्धं कच्चं राहतं. लिथियमचा व्होल्टेज जेमतेम हलतो. मायक्रोवेव्हचं मात्र सांभाळा. तो १,५०० वॉटपर्यंत ओढतो, म्हणजे १३० अँपिअर. लिथियमच्या १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीतलं बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) सहसा १०० अँपिअरच सोडतं, जास्त मागितले की बॅटरी स्वतःला बंद करून घेते. समांतर जोडलेल्या दोन असल्या की प्रश्न मिटतो.

बॅटरीच्या किमतीत जे धरलेलं नसतं, ते आता.

कन्व्हर्टर: खांबावरच्या विजेने बॅटरी चार्ज करतो तो. जुन्या ट्रेलरातला १३.६ व्होल्टवर थांबतो. लिथियम त्यावर चार्ज होते, पण रेंगाळत. शिवाय आतल्या चार सेलचं संतुलन साधतं ते १४.२च्या वर गेल्यावर, तिथवर हा पोचतच नाही. लिथियमचा कन्व्हर्टर २०० डॉलरच्या आसपास मिळतो. सोलर कंट्रोलरवरही लिथियमची सेटिंग निवडा आणि 'इक्वलाइझ' बंद आहे ना, ते डोळ्यांनी बघा. ॲसिडच्या बॅटरीला मानवणारा तो १५ व्होल्टचा डोस लिथियमला नको असतो.

शंट: हा लागतोच, यावर मी वाद घालत नाही. लिथियमचा व्होल्टेज भरपूर भरलेली असताना १३.३ आणि बरीच रिकामी झाल्यावर १३.१ असतो, त्यामुळे बॅटरी किती भरलीय ते दाखवणारे भिंतीवरचे चार दिवे निव्वळ थापा मारतात. आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजणारा शंट शंभरेक डॉलरला येतो. बॅटरी आली की आधी ती पूर्ण भरा, मग इन्व्हर्टरवर एखादा ठरावीक भार लावून रिकामी करा आणि शंटवरचा आकडा बघा. १०० लिहिलेल्या बॅटरीने ८५ दिले, तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा.

फ्यूज: लिथियमच्या बॅटरीत शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर धावतात आणि साधा फ्यूज जळूनही आतला आर्क चालूच राहू शकतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हला चिकटून क्लास टीचा, म्हणजे एवढा प्रवाहही तोडू शकणारा, फ्यूज बसवा. स्वस्त नाही, तरी बसवा.

डीसी-डीसी चार्जर: गाडीच्या इंजिनाकडून येणारी वीज आटोक्यात ठेवून बॅटरी चार्ज करतो तो. मोटरहोममध्ये इंजिनाचा अल्टरनेटर (इंजिनावर वीज तयार करणारा) जाड केबलने थेट राहण्याच्या भागाच्या बॅटरीला जोडलेला असतो. लिथियम मिळेल तेवढं ओढते, अल्टरनेटर तापतो, गाडी जागेवर सुरू ठेवली असेल तर जास्तच. तिथे हा लागतोच. ट्रेलरवाल्यांना एवढी घाई नको. ट्रकमधून ट्रेलरला येणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधली वायर इतकी बारीक असते की तिच्यातून दहा अँपिअरही धड येत नाहीत. छपरावर सोलर असेल तर आधी एक सीझन तसाच काढा.

दोन बॅटऱ्या, कन्व्हर्टर, शंट, फ्यूज, जाड केबल आणि गरज असल्यास डीसी-डीसी चार्जर धरून खर्च १,००० ते १,३०० डॉलरवर जातो. काम स्वतः केलं तर! प्रोपेनचा फ्रिज आहे, मायक्रोवेव्हची हौस नाही आणि दोन-तीन रात्रींचाच मुक्काम असतो, अशांना मी अजूनही गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सुचवते. सिरीजमध्ये जोडल्या की २२० अँपिअर-अवर, त्यातले ११० वापरायचे, खर्च ३०० ते ३५०. महिन्या-दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचा कंटाळा नसेल तर ही जोडी पाच वर्षं निघते.

थंडीचं वेगळं सांगायला हवं, कारण इकडे डोंगरात तोच कळीचा मुद्दा आहे. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी वीज देते, पण तिला चार्ज करायचं नसतं. केल्यास आत लिथियम धातूचा थर साचतो आणि क्षमता कायमची जाते. चांगलं बीएमएस अशा वेळी चार्जिंग अडवतं, अगदी स्वस्तातलं अडवेलच असं नाही. घेण्याआधी माहितीपत्रकात 'लो टेम्परेचर कट-ऑफ' शोधा. आत हीटर असलेल्या बॅटऱ्याही मिळतात, पण तो हीटर पुन्हा वीजच खातो. मला पटलेला उपाय म्हणजे बॅटरी बाहेर जीभेवर (ट्रेलरच्या पुढच्या, गाडीला जोडायच्या दांड्यावर) न ठेवता पलंगाखालच्या खणात ठेवणं. ॲसिडच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो म्हणून तिला बाहेर हवेशीर डबा लागतो, लिथियम आयर्न फॉस्फेटला लागत नाही. घर उबदार तर बॅटरीही उबदार.

त्यात एक गोम आहे. गोल्फ कार्टची जोडी जीभेवरून काढली की पुढचं जवळजवळ ६० किलो वजन कमी होतं, आणि नवीन बॅटऱ्या चाकांच्या मागे गेल्या तर आणखी. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीच्या मागच्या जोडावर) असायला हवा, नाहीतर हायवेला ट्रेलर डोलायला लागतो. बदल केल्यावर ट्रक स्टॉपवर वजन करून घ्या.

हिवाळ्यात ट्रेलर उभा करताना लिथियम निम्मी भरलेली ठेवा आणि निगेटिव्हची वायर सोडून टाका, वसंतापर्यंत तिच्याकडे बघायला नको. ॲसिडची मात्र पूर्ण भरून ठेवावी लागते, रिकामी राहिली तर आतलं पाणी गोठून खोकं फुटतं.

आणि जुनी ॲसिडची बॅटरी गॅरेजमध्ये पडू देऊ नका. ऑटो पार्ट्सच्या दुकानात नेऊन दिली तर ते ती घेतात, आणि गोल्फ कार्टची जोडी तिथूनच घेणार असाल तर बिलावरचं 'कोअर'चं, म्हणजे जुनी बॅटरी न दिल्यास लागणारं, डिपॉझिट वाचतं.