परसात फळझाड लावताय? आधी पाणी कुठे साचते ते पाहा

पाऊस जोर धरायच्या आत हे उरका. परसातली फळझाडे किडीने कमी आणि बुंध्याशी साचलेल्या पाण्याने जास्त मरतात. पागोळ्या, मोरीचे पाणी, खोडाला टेकलेले आळे ही त्याची नेहमीची कारणे.

संध्याकाळी दोन फूट खोल खड्डा पाण्याने भरून ठेवा. सकाळीही पाणी दिसले तर तिथे पपई आणि लिंबू लावू नका. मुळाशी दोन दिवस पाणी राहिले की पपई पिवळी पडून कोलमडते. लिंबावर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो, साल कुजते आणि झाड उभे वाळते. पेरू अशा जागी त्यातल्या त्यात तग धरतो. मोरीच्या वाटेला केळ बरी. जिथे भिंतीच्या कडेला दिवाळीपर्यंत शेवाळ राहते, तिथे लिंबू टिकत नाही, हा आमचा अंदाज सहसा चुकत नाही.

निचरा चांगला असेल तर कोणती जात निवडावी:
- आंबा: आम्रपाली, दोन झाडांत अडीच मीटर अंतर. केसर-हापूसला दहा मीटर लागतात.
- लिंबू: साई सरबती
- पेरू: सरदार, छाटून सात-आठ फूट उंच ठेवावा
- सीताफळ: बाळानगर, मुरमाड जागेतही चालते
- चिकू: छोट्या परसात नको

खड्डा: 60 × 60 × 60 सेंमी, पोयटा माती, दोन घमेली कुजलेले शेणखत, निंबोळी पेंड 1 किलो, सुपर फॉस्फेट अर्धा किलो. कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर राहू द्या.

आळे दुहेरी करा. खोडाभोवती हातभर रुंद मातीची भर द्या आणि पाण्याचे आळे तिच्या बाहेर घ्या. झड लागली की बाहेरचे आळे उताराच्या बाजूने फोडून टाका. हे एवढेच राहून जाते आणि मग ऑगस्टमध्ये दुकानदार 'मुळे वाढवणारी' महागडी बाटली हातात देतो. कुजलेल्या मुळांवर ती काय करणार?

लिंबाच्या खोडाला पावसाआधी जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा. डिंक आधीच गळत असेल तर कुजलेली साल चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडा, मग पेस्ट लावा. खरवडलेली साल झाडाखाली टाकू नका, जाळा.